इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा पुल-टाइप क्लच घरच्या गॅरेजमध्ये बदलताना

गिअरबॉक्सला इंजिनाशी जोडणारे सगळे नट-बोल्ट काढून झाले, दोघांमध्ये बोटभर फट पडली, आणि त्यानंतर कितीही ओढले तरी काही हलेना, असा प्रसंग सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा क्लच पहिल्यांदाच बदलणाऱ्यावर अनेकदा येतो. अशा वेळी माणूस पहार शोधतो आणि ॲल्युमिनियमच्या बेलहाउसिंगमध्ये (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचात) ती खुपसून जोर लावतो. अडथळा मात्र बोल्टचा नसतो. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, प्रेशर प्लेटमध्ये (क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागात) अडकलेले असते आणि ते सरकवणाऱ्या फोर्कने, म्हणजे दुबेळक्या तरफेने, मागून धरून ठेवलेले असते. ही पकड कुठे आहे, ती कशी सोडवायची आणि परत जोडताना ती नीट बसली आहे याची खात्री कशी करायची, एवढे ज्याला कळले त्याच्यासाठी उरलेले काम मेहनतीचे आहे, अवघड नाही. म्हणून या लेखात त्या दोन टप्प्यांना मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

आपल्या नेहमीच्या गाड्यांत पुश-टाइप क्लच असतो. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग इंजिनाच्या दिशेने सरकते आणि डायफ्रॅम स्प्रिंगच्या (प्रेशर प्लेटमधल्या थाळीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांवर दाब देते; बेअरिंग त्या बोटांना केवळ टेकलेले असल्यामुळे गिअरबॉक्स मागे ओढला की ते गिअरबॉक्सबरोबर सहज निघून येते. पुल-टाइपमध्ये दिशा उलटी असते. बेअरिंग डायफ्रॅमच्या मध्यभागी खटक्याने बसवलेले असते आणि पेडल दाबल्यावर ते गिअरबॉक्सच्या दिशेने ओढले जाऊन डायफ्रॅम स्वतःकडे खेचून घेते. या रचनेत डायफ्रॅमचा टेकू बाहेरच्या कडेला असतो आणि प्रेशर प्लेटवरचा दाब त्याच्या आतल्या बाजूला पडतो, त्यामुळे तरफेचे गुणोत्तर वाढते आणि पेडलवर तेवढाच जोर देऊन प्लेट अधिक घट्ट दाबता येते. टर्बो इंजिनांच्या गाड्यांत ही रचना दिसते ती याच कारणाने. तिसऱ्या पिढीची माझदा आरएक्स-७, मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशनच्या चौथ्या ते नवव्या आवृत्त्या आणि निस्सान स्कायलाइन जीटी-आरची आर-३४ ही तिची ठळक उदाहरणे आहेत. मात्र पकड सोडवण्याची रीत प्रत्येक गाडीत वेगळी असते: आरएक्स-७मध्ये बेलहाउसिंगच्या खिडकीतून पेचकस घालून तो बेअरिंग आणि कॉलर यांच्यामध्ये पिळावा लागतो, तर सुबारूमध्ये फोर्कचा आसच बाहेर काढायचा असतो.

पुढचे सगळे वर्णन अमेरिकेत २००२ ते २००५ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या, २ लिटर टर्बो इंजिनाच्या आणि ५ गिअरच्या डब्ल्यूआरएक्सला लागू आहे. माझी स्वतःची गाडी याच काळातली असून ती मिशिगनमध्ये आहे. २००६च्या मॉडेलपासून इंजिन २.५ लिटरचे झाले, तेव्हा त्या पुढच्या गाड्यांवर, तसेच एसटीआय या ६ गिअरच्या अधिक ताकदवान आवृत्तीवर, हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. आपल्या वर्षाचे सर्व्हिस मॅन्युअल समोर उघडे ठेवूनच काम करावे. हा लेख त्याच्या जोडीला वाचण्यासाठी आहे.

काम काढण्यापूर्वी दोष क्लचचाच आहे ना, हे तपासावे. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाचे आरपीएम झपाट्याने वाढले आणि गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे असे समजावे. याउलट गिअर टाकताना कुरकुर होत असेल किंवा पेडल खालपर्यंत मऊ लागत असेल, तर आधी क्लचच्या तेलाची पातळी पाहावी आणि गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचे (तेलाच्या दाबाने फोर्क ढकलणाऱ्या सिलिंडरचे) रबरी आवरण उचलून आत ओल आहे का ते बघावे. स्लेव्ह सिलिंडर बदलणे हे तासाभराचे काम आहे. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण नाही.

तयारी आणि सामान

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग आणि प्लेट मध्यावर बसवण्याचा प्लास्टिकचा दांडा एवढे सामान एकत्रित संचात मिळते. या गाडीची प्लेट २३० मिलिमीटर व्यासाची असते. संच मागवताना तो पुल-टाइपचाच आहे याची खात्री करावी, कारण टर्बो नसलेल्या इम्प्रेझाचा संच पुश-टाइपचा असतो. इंजिनाच्या मागच्या बाजूचे क्रँकशाफ्ट सील, एक्सलच्या नव्या रोल पिना (पोकळ पोलादी खिळ्या), एक्झॉस्टची गॅस्केटे, गिअर ऑइलच्या प्लगचे वॉशर, ७५डब्ल्यू-९० प्रतीचे जीएल-५ गिअर ऑइल सुमारे ३.५ लिटर आणि क्लचसाठी ब्रेक ऑइलची नवी बाटली हे सगळे आधीच घरात असावे. रविवारी दुपारी गाडी स्टँडवर असताना दहा डॉलरच्या सीलसाठी काम थांबणे फार वाईट.

हत्यारांत १० मिलिमीटरची षटकोनी किल्ली, ६ मिलिमीटर आट्यांचा एक लांब बोल्ट, रोल पिनेपेक्षा किंचित बारीक पंच, दोन टॉर्क रेंच (एक लहान मापाचा, कारण प्रेशर प्लेटचे बोल्ट अगदी हलक्या हाताने आवळायचे असतात) आणि गिअरबॉक्ससाठी असलेला जॅक या गोष्टी अत्यावश्यक आहेत. हा गिअरबॉक्स, पुढच्या डिफरन्शिअलसह, पाऊणशे किलोच्या आसपास भरतो. छातीवर घेऊन तो उतरवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि तसे कुणीही करू नये असे मला मनापासून वाटते. गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने मिळतो. तो घ्यावा, गिअरबॉक्सला पट्ट्याने बांधावा आणि एक माणूस मदतीला ठेवावा.

गाडी चारही बाजूंनी भक्कम जॅक स्टँडवर घ्यावी. फक्त पुढचा भाग उचलला तर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढणे अडचणीचे होते आणि गिअरबॉक्स तिरका राहतो. जॅकवर उतरवलेला गिअरबॉक्स गाडीखालून बाहेर सरकवता आला पाहिजे, इतकी उंची लागते; अर्धा मीटर मिळाली तर काम सुखाचे होते. स्टँडवर घेतल्यावर गाडीला चांगला धक्का देऊन पाहावा. ती हलली तर आत्ताच हलू दे, आपण खाली असताना नको.

गिअरबॉक्स खाली उतरवण्याऐवजी इंजिन वर काढण्याचाही मार्ग आहे आणि सुबारूमध्ये तो अजिबात वेडेपणाचा नाही. सपाट बॉक्सर इंजिन थेट वर उचलले जाते, एसीचा कंप्रेसर नळ्या न उघडता बाजूला ठेवता येतो आणि एक्सल, प्रोपेलर शाफ्ट, गिअर लिंकेज यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही. टायमिंग बेल्ट बदलण्याची वेळ जवळ आली असेल (या इंजिनासाठी कंपनीने १,०५,००० मैलांचा टप्पा सांगितला आहे) किंवा हेडमधून तेल गळत असेल आणि इंजिनाचा क्रेन मिळत असेल, तर मी इंजिनच काढेन. फक्त क्लच करायचा असेल तर गिअरबॉक्स उतरवणे बरे, कारण कूलंट, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग यांना हात लागत नाही. फोर्कचा आस मात्र दोन्ही मार्गांत आधी काढावाच लागतो.

वरच्या बाजूचे काम

बॅटरीची ऋण तार सोडवून सुरुवात करावी. त्यानंतर इंजिनावरचा इंटरकूलर काढावा; तो निघाला की बेलहाउसिंगचा वरचा भाग, स्टार्टर आणि स्लेव्ह सिलिंडर एकदम समोर येतात. उघड्या पडलेल्या टर्बोच्या आणि थ्रॉटलच्या तोंडांत स्वच्छ फडके कोंबावे, कारण तिथे पडलेला एक वॉशर क्लचच्या कामाला इंजिनाचे काम करून ठेवतो. इंजिन आणि फायरवॉल यांमधला पिच स्टॉपर (इंजिनाचे डोलणे रोखणारा दांडा) काढावा, स्टार्टर सोडवावा, गिअरबॉक्सवरचे वायरिंगचे कनेक्टर सुटे करून त्यांवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात.

स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टांवर असतो. त्याची तेलाची नळी उघडू नये. सिलिंडर तसाच सोडवून तारेने बाजूला बांधून ठेवावा आणि क्लचच्या पेडलवर "दाबू नये" अशी चिठ्ठी लावावी. सिलिंडर मोकळा असताना पेडल दाबले तर पिस्टन बाहेर उडतो, तेल रंगावर सांडते आणि रंग जातो.

आता लेखातला पहिला महत्त्वाचा टप्पा. बेलहाउसिंगच्या बाजूला, वरच्या भागात, १० मिलिमीटरच्या षटकोनी खाचेचा एक प्लग दिसेल. तो प्लग म्हणजे फोर्कच्या आसाचे झाकण. खाचेतली माती आणि गंज तारेच्या ब्रशने आणि पेचकसाच्या टोकाने पूर्ण खरवडून काढावा, म्हणजे किल्ली तळापर्यंत बसेल; अर्धवट बसलेल्या किल्लीने खाच गोल झाली की पुढे फार हाल होतात. गंज प्रतिबंधक तेल आदल्या रात्रीच मारून ठेवलेले बरे. प्लग निघाल्यावर आत आसाचे टोक दिसते आणि त्याला ६ मिलिमीटरचे आटे असतात. त्यात लांब बोल्ट हाताने फिरवून घट्ट बसवावा आणि सरळ बाहेर ओढावे. आस वर्षानुवर्षे हललेला नसेल तर तो चिकटलेला असतो. अशा वेळी बोल्टवर मोठे वॉशर आणि नट चढवून, त्याखाली एखादा सॉकेट टेकवून, नट आवळत आवळत आस बाहेर काढता येतो. बोल्ट वाकडा धरून हातोडी मारू नये, आतले आटे गेले तर आस काढायचा दुसरा सोपा मार्ग उरत नाही.

आस निघाला की फोर्क मोकळा होतो, पण अजून बेअरिंगच्या कानांत अडकलेला असतो. फोर्क वर उचलून थोडा मागेपुढे डुलवावा म्हणजे त्याची टोके बेअरिंगच्या कानांतून सुटतात. टॉर्च घेऊन आत पाहावे आणि फोर्क खरोखर सुटला आहे, हे डोळ्यांनी बघूनच पुढे जावे. बेअरिंग प्रेशर प्लेटमध्येच राहील आणि गिअरबॉक्स त्याच्यावरून मागे निघून येईल. पुढे गिअरबॉक्स अडला तर कारण ओळखण्याची एक खूण सांगतो: थोडी फट पडून मग अडत असेल तर फोर्क अजून बेअरिंगला धरून आहे, मुळात फटच पडत नसेल तर इंजिन आणि बेलहाउसिंग यांमधल्या डॉवेल पिना (दोघांना एका रेषेत धरणाऱ्या खुंट्या) गंजून पकडलेल्या आहेत. पहिल्या कारणावर उपाय वरून फोर्क हलवणे हा आहे, दुसऱ्यावर तेल, वेळ आणि कडेने हलके ठोकणे. दोन्हींची गल्लत केली की काहीतरी मोडते.

खालच्या बाजूचे काम

गिअर ऑइल आधीच काढून टाकावे. ड्रेन प्लग काही गाड्यांत टी-७० टॉर्क्सचा असतो, काहींत २१ मिलिमीटरच्या डोक्याचा. उष्णतारोधक पत्रे आणि त्यानंतर टर्बोपासून खाली येणारा एक्झॉस्ट पाइप काढावा. मिठाच्या रस्त्यांवर धावलेल्या गाडीत टर्बोजवळचे नट तुटण्याची शक्यता मोठी असते, म्हणून आदल्या दिवसापासून दोन-तीनदा तेल मारावे आणि नट सोडवताना थोडा सोडून थोडा परत आवळत पुढे जावे.

प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शिअलच्या फ्लँजवर बोल्टांनी बसलेला असतो. फ्लँज आणि शाफ्ट यांवर रंगाची एकच आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे तो पूर्वीच्याच जागी परत बसेल. मधल्या बेअरिंगचे बोल्ट काढून शाफ्ट मागे ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटीतून उरलेले तेल येते. तिथे प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधावी.

एक्सलचे काम दिसते त्यापेक्षा जास्त वेळ खाते. आतल्या जोडावर एक रोल पिन असते, ती पंचाने बाहेर ठोकायची. दोन्ही बाजूंची छिद्रे सारखी दिसत नाहीत. परत बसवताना छिद्र जुळेनासे झाले तर एक्सल अर्धा फेरा फिरवून बघावे, बहुतेक तोच घोटाळा असतो. एक्सल सुटण्यासाठी चाकाचा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) बाहेर कलवावा लागतो, त्यासाठी काही लोक बॉल जॉइंट काढतात. गंजलेल्या गाडीत मी ते टाळतो, कारण तिथला बोल्ट तुटला तर दिवस जातो. त्याऐवजी स्ट्रटचे दोन बोल्ट काढावेत. यातला वरचा बोल्ट विकेंद्री असून चाकाचा कॅम्बर (उभा कल) त्यावर ठरतो, म्हणून त्याच्या डोक्याची आणि स्ट्रटची जागा आधी खुणेने पक्की करावी. ब्रेकची नळी आणि एबीएसची तार स्ट्रटवरून सोडवायला विसरू नये, नकलचे वजन नळीवर लोंबकळू देऊ नये.

गिअर लिंकेजचे बोल्ट काढून झाल्यावर इंजिनाला मागून आधार द्यावा. गिअरबॉक्स निघाला की इंजिन मागच्या बाजूला झुकते. फेंडरवर टेकणारा आडवा बार आणि साखळी ही उत्तम व्यवस्था. ती नसेल तर इंजिनाखाली रुंद लाकडी फळी देऊन दुसरा जॅक लावावा. ऑइल पॅनचा पत्रा पातळ असतो, थेट जॅक लावला तर तो आत दबतो. मग गिअरबॉक्सखाली जॅक घेऊन तो पट्ट्याने बांधावा, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) काढावा, गिअरबॉक्स किंचित खाली येऊ द्यावा आणि बेलहाउसिंगचे बोल्ट आणि खालचे नट काढावेत. इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा) प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स सरळ मागे यायला हवा. तो मध्येच खाली लोंबला तर सगळे वजन शाफ्टवर आणि प्लेटच्या हबवर पडते.

उघडल्यावर काय पाहावे

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट थोडे थोडे, समोरासमोर या क्रमाने सोडवावेत. क्लच प्लेट हातात आली की ती पुसण्याआधी वाचावी. निळसर डाग आणि तडे म्हणजे घसरण्याची उष्णता. तेलकट प्लेट असेल तर गळती शोधल्याशिवाय नवी प्लेट बसवणे व्यर्थ आहे. वास घेऊन फरक कळतो: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि तो इनपुट शाफ्टच्या सीलकडे बोट दाखवतो, वास इंजिन ऑइलचा असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे सील किंवा ब्लॉकच्या मागचे सेपरेटर प्लेटचे झाकण बघावे. धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी, दार उघडे ठेवावे.

फ्लायव्हीलचे आठ बोल्ट आहेत. इंजिन फिरू नये म्हणून रिंग गिअरला अडसर द्यावा लागतो. या गाडीचे फ्लायव्हील सपाट असल्यामुळे मशीन शॉपमध्ये त्याचा पृष्ठभाग ग्राइंड करून मिळतो, आणि निळे डाग वा ओरखडे असतील तर तो करून घ्यावाच. सँडपेपर मारून भागवलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट थरथरते. हलक्या वजनाचे फ्लायव्हील घेण्याचा मोह अनेकांना होतो. रोजच्या वापराच्या गाडीला मी ते सुचवणार नाही, गर्दीत गाडी सुटताना झटके देते. पायलट बेअरिंग फ्लायव्हीलच्या मध्यात असते. फ्लायव्हील बाहेर आहे तोवर योग्य मापाच्या सॉकेटने जुने ठोकून काढावे आणि नवे त्याच्या बाहेरच्या रिंगवरच दाब देऊन बसवावे.

गिअरबॉक्सच्या तोंडाशी, इनपुट शाफ्टभोवती, ज्या नळीवर रिलीज बेअरिंग सरकते ती नखाने चाचपून पाहावी. तिला पायरी पडली असेल तर नवे बेअरिंगही अडखळेल आणि पेडल खडबडीत लागेल. त्यासाठी दुरुस्तीची पोलादी नळी आणि तिला जुळणारे बेअरिंग असा संच मिळतो. फोर्कची बेअरिंगला टेकणारी टोके आणि आसाची भोके झिजलेली दिसली तर फोर्क बदलावा. त्याची किंमत हे काम दुसऱ्यांदा करण्यापेक्षा फार कमी आहे.

परत बसवणे

फ्लायव्हीलचे बोल्ट आडव्यातिडव्या क्रमाने ७२ न्यूटन-मीटर, म्हणजे ५३ फूट-पौंडांवर आवळावेत. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांचे घर्षणाचे पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसावेत, नव्या प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. ती वाचून, मग पुन्हा वाचून बसवावी. फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटच्या कव्हरवर "०" ही खूण असते. या दोन खुणा एकमेकींपासून निदान १२० अंशांवर राहतील असे कव्हर ठेवावे, म्हणजे दोघांचा असमतोल एकाच बाजूला साचत नाही. मध्याचा दांडा घालून सहा बोल्ट पाळीपाळीने, १५.७ न्यूटन-मीटरवर (११.६ फूट-पौंड) आवळावेत. एवढा कमी टॉर्क पाहून हात थोडा जास्त जोर देऊ पाहतो. देऊ नये.

इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (त्यावरच्या लांबट दातांवर) ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा आणि जास्तीचे पुसून टाकावे. फिरताना उडालेला ग्रीसचा ठिपका प्लेटवर पडला की नवा क्लच थरथरू लागतो. बेअरिंग नळीवर चढवावे, फोर्कची टोके त्याच्या कानांत घालावीत आणि आस आत सरकवावा. आसाला एके बाजूला सपाट कापलेला भाग आहे. तो आतल्या स्प्रिंग पिनेला टेकेल अशा रीतीने आस फिरवून बसवावा, नाहीतर तो पूर्ण आत जात नाही. मग प्लग ४४ न्यूटन-मीटरवर (३२.५ फूट-पौंड) आवळावा.

गिअरबॉक्स वर घेताना त्याचा कोन इंजिनाच्या कोनाशी जुळवण्यात वेळ घालवावा. दोन्हींमधली फट वर, खाली आणि दोन्ही कडांना सारखी दिसली पाहिजे. स्प्लाइन जुळत नसतील तर मदतनिसाने पुढून क्रँकच्या पुलीचा बोल्ट २२ मिलिमीटरच्या पान्याने हळूच फिरवावा आणि आपण गिअरबॉक्स पुढे रेटत राहावे. तो हाताच्या जोराने डॉवेल पिनांपर्यंत आला पाहिजे. उरलेली मोठी फट बोल्ट आवळून बंद करू नये. तसे केल्यास प्लेटचा हब वाकतो किंवा बेलहाउसिंगचा कान तुटतो. गिअरबॉक्स टेकल्यावर बोल्ट ५० न्यूटन-मीटरवर (३७ फूट-पौंड) घ्यावेत.

आता दुसरा महत्त्वाचा टप्पा. गिअरबॉक्स जागेवर बसला आहे, पण बेअरिंग अजून डायफ्रॅममध्ये अडकलेले नाही. या क्षणी पेडल जोडले तर ते रिकामे जाईल आणि बेअरिंग नुसते मागे सरकेल. फोर्कचा आस मध्ये असल्यामुळे वरचे टोक एका दिशेला गेले की बेअरिंग विरुद्ध दिशेला जाते. म्हणून फोर्कचे बाहेरचे टोक फायरवॉलच्या दिशेने, मागे, जोरात ओढावे. बेअरिंग इंजिनाकडे जाते आणि डायफ्रॅमच्या मध्यात "खट्" असा आवाज करून बसते. आवाज स्पष्ट येतो आणि हाताला झटकाही जाणवतो. हाताने जमले नाही तर फोर्कला लहानसा पाइप लावून ओढावे, मात्र वाकडे नाही.

आवाज आला यावर समाधान मानू नये. लगेच फोर्क उलट दिशेला, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, ढकलून पाहावा. बेअरिंग पकडले गेले असेल तर फोर्क काही मिलिमीटरनंतर दगडासारखा अडतो, कारण आता आपण डायफ्रॅम स्प्रिंगच ओढत असतो. तो सैलपणे पुढे जात राहिला तर बेअरिंग बसलेले नाही. पुन्हा मागे ओढावे. तीन प्रयत्नांतही खटका बसत नसेल तर गिअरबॉक्स मागे घेऊन बेअरिंगवरची स्प्रिंगची तार जागेवर आहे का आणि बेअरिंग संचातलेच आहे का, हे तपासावे. ही दोन मिनिटांची तपासणी एक्सल आणि एक्झॉस्ट परत लागण्याआधीच करायची असते. मला ओळखीतल्या एका गृहस्थांचा शनिवार आठवतो: सगळे जोडून, तेल भरून त्यांनी पेडल दाबले, ते पोकळ गेले आणि संध्याकाळी गिअरबॉक्स पुन्हा जमिनीवर आला.

यापुढे उलट क्रमाने सगळे जोडावे. क्रॉसमेंबर, लिंकेज, नव्या रोल पिनांसह एक्सल, खुणेवर स्ट्रटचा विकेंद्री बोल्ट, रेघ जुळवून प्रोपेलर शाफ्ट, नव्या गॅस्केटांसह एक्झॉस्ट, मग वरून स्टार्टर, पिच स्टॉपर आणि स्लेव्ह सिलिंडर. प्रत्येकाचा टॉर्क मॅन्युअलमधून पाहून घ्यावा. गिअर ऑइल भरून झाल्यावर त्याची पातळी डिपस्टिकवर बघावी. इंटरकूलर बसवताना तोंडांतले फडके काढले आहे ना, ते पाहावे.

क्लचची हवा काढताना मदतनिसाने पेडल दाबून धरायचे, आपण स्लेव्हवरचा निपल उघडून बंद करायचा आणि त्यानंतरच पेडल वर घ्यायचे, हा क्रम बुडबुडे थांबेपर्यंत चालवावा. टाकीतले तेल संपू देऊ नये. चाके हवेत असतानाच इंजिन सुरू करून पेडल दाबून पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकून बघावा. गिअर कुरकुर न करता पडले आणि पेडल दाबलेले असताना चाके ओढली गेली नाहीत, तर क्लच पूर्ण सुटतो आहे असे समजावे.

गाडी खाली घेऊन पहिली चक्कर गल्लीतच मारावी आणि परतल्यावर टॉर्चने खालून तेलाचे थेंब बघावेत. पहिले ५०० मैल, म्हणजे साधारण ८०० किलोमीटर, गाडी शहरातल्या थांबत-सुटत जाणाऱ्या वाहतुकीत, टर्बोचा पूर्ण जोर न लावता चालवावी. महामार्गावरचे मैल यात धरू नयेत, कारण प्लेट घासून जुळते ती गिअर बदलताना आणि गाडी सुटताना. तेवढे अंतर झाल्यावर स्ट्रटचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत आणि चाकांचे अलाइनमेंट एकदा करून घ्यावे.